पाकिटावरचं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. आत्मस्तुतीचा दोष पत्करून हे आधीच सांगते, कारण पुढे जो घोळ झाला त्यात या अक्षराचा मोठा हात आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे, लग्नानंतर सासरच्या पत्रिकांवर नावं घालायला मलाच बसवलं, आणि टोकियोत ओजिमाला राहायला आल्यावर तिथल्या मराठी मंडळानं दोन महिन्यांत ओळखलं की ही बाई पाकिटांच्या कामाची आहे. तेव्हापासून संक्रांत असो, गणपती असो, पाकिटांचा गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडायचा. जवळच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, कुंचल्यासारखं टोक असलेलं शाईचं पेन मिळतं. त्यानं देवनागरी असं काही उतरतं की काय सांगू! मी पाकिटं लिहीत बसले की नवरा म्हणायचा, "आज राजपत्र निघतंय वाटतं."

हा झाला छंद. नोकरी मात्र नेमकी उलट होती. कावासाकीतल्या एका कंपनीत लोकांची नावं आणि पत्ते कुणाला कळू नयेत याची काळजी घेणं हे पुढे माझं काम झालं.

आधी ते खातं सांगते. जपानातल्या प्रत्येक कंपनीत 'सोमु' नावाचा विभाग असतो. सरकारी मराठीत त्याला 'सामान्य प्रशासन' म्हणतील, पण खरा अर्थ 'ज्या कामाला धनी नाही ते काम'. ट्यूब गेली, सोमुला सांगा. भूकंपाची कवायत आहे, सोमु शिट्टी वाजवणार. कुणाचे सासरे वारले, कंपनीची फुलं सोमु पाठवणार. आणि एके वर्षी भारतातून पन्नास-साठ इंजिनिअर एकदम येऊन थडकले, तेव्हा या लोकांचं करायचं काय, हा प्रश्नही सोमुच्याच टेबलावर आला. आमचे साहेब मोरिता-सान; सान म्हणजे आपलं राव किंवा बाई. हा गृहस्थ रागावला की बोलायचा नाही, दातांतून हवा आत ओढायचा. हवेच्या लांबीवरून राग किती ते कळायचं.

मी पुण्यात कायद्याची पदवी घेऊन वर्षभर कोर्टात दुसऱ्यांच्या तारखा घेतल्या होत्या. नवऱ्याच्या मागोमाग इथे आले आणि 'अवलंबित पत्नी' झाले. त्या व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. ते मी एका डब्यांच्या कारखान्यात केलं. भाताच्या बरोब्बर मधोमध एक खारवलेला लाल प्लम ठेवायचा, एवढंच काम. एलएल.बी. बाई दिवसाला शेकडो प्लम ठेवत होती. पण बायकांच्या गप्पांतून जपानी अशी पक्की झाली की कंपनीच्या मुलाखतीत मोरिता-साननी एकदाही हवा ओढली नाही.

सोमुतल्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे 'शिमात्सुशो'. चूक झाली की कर्मचाऱ्यानं लिहून द्यायचा कबुलीजबाब आणि माफीनामा. काय झालं, का झालं, माझं कुठे चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून मी काय करीन, एका पानात. जपानी माणूस तो चहा पिता पिता लिहितो. आपला माणूस? कपाळ माझं! नागपूरच्या एका इंजिनिअरनं सर्व्हर बंद पाडल्याबद्दल तीन पानं लिहून आणली. मुद्दे, उपमुद्दे, परिशिष्ट अ आणि ब. निष्कर्ष असा, की चूक सर्व्हरची होती आणि त्याला तशी संधी देणाऱ्या व्यवस्थापनाची. मोरिता-साननी माझं भाषांतर वाचलं आणि विचारलं, "मेधा-सान, हा माफीनामा आहे की आपल्यावर खटला?" मी त्याला परोपरीनं समजावलं, बाबा रे, इथे चूक कबूल केली की माणूस वाचतो, नाकारली की जातो. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे लिहून दिलं की माणूस मेला." खरंच होतं ते. ही भीती माझ्याही हाडात आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मग व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि सगळ्या जपानला घाम फुटला. शाळांनी वर्गाची फोनयादी छापणं बंद केलं. आमच्याकडे प्रशिक्षण सुरू झालं आणि भारतीय मंडळींना शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. पहिल्याच तासाला मी गमतीनं विचारलं, "पासवर्डमध्ये देवाचं नाव आहे अशांनी हात वर करा." निम्म्या वर्गानं हात वर केले. एकानं तर कुठला देव तेही सांगितलं.

आपल्याला माहिती लपवायची सवयच नाही हो. ट्रेनमध्ये समोरचा माणूस मराठी निघाला की दोन स्टेशनांत त्याचं गाव, आडनाव, पगार आणि मूल का नाही इथपर्यंत आपण पोचतो. याला आपण जिव्हाळा म्हणतो. मी शिकवायची, "माहिती घेताना आधी सांगा, कशासाठी घेताय. त्याखेरीज दुसऱ्या कशाला वापरायची नाही. आणि कुणी यादी दिली तर आधी विचारा, कुठून आणलीस?" हे तिसरं वाक्य मी फळ्यावर लिहायची. सुंदर अक्षरात.

त्याच सुमारास इल्दिको-सान आल्या. आमच्या कंपनीची एक शाखा हंगेरीत होती आणि दोन्हीकडचे नियम जुळवायला तिथली ही वकीलबाई दोन वर्षांसाठी आली होती. उंच, करडे केस, बाराही महिने तोच हिरवा स्वेटर. कामगार कायदा हा त्यांचा मूळ विषय. आमची मैत्री झाली ती तिखटावरून. त्यांनी त्यांची लाल पाप्रिका दिली, मी कांदा-लसूण मसाला दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आमची ती मिरची नव्हे, रंग आहे." त्यांच्याकडेही आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, याचं दोघींना फार कौतुक.

पण काम म्हटलं की ही बाई महाकठीण. दर गोष्टीला एकच प्रश्न: "उद्देश काय?" नोकरीच्या अर्जावर वडिलांचा धंदा का विचारता? उद्देश काय? वाढदिवसांची यादी भिंतीवर का? उद्देश काय? केक, असं मोरिता-साननी सांगितलं, तर म्हणाल्या, "केकला जन्मसाल लागत नाही." त्यांच्या देशात सगळ्या कामांना मिळून माणसाला एकच नंबर देणंसुद्धा घटनेत बसत नाही म्हणे. आणि कुणाला कामावरून काढायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. ते स्पष्ट हवं, खरं हवं, आणि नोकरी जावी इतकं त्या कारणातून निघायला हवं. या तीन अटी त्या बोटांवर मोजायच्या.

आता संक्रांत. त्या वर्षी मंडळानं तिळगूळ समारंभ मोठा करायचं ठरवलं. नवी मराठी कुटुंबं खूप आली होती, ती सापडणार कशी? आमच्या कंपनीतला श्रीरंग आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. तिशीतला, कामात वाघ, घरात गाय. बायको अनुजा, तिला सातवा महिना, आणि चार वर्षांची ईरा, जी पाळणाघरातून जपानीच बोलत यायची. मी त्याला जिन्यात म्हटलं, "अरे श्रीरंग, तू एवढा कम्प्युटरवाला, नवी मराठी घरं शोधून दे की! पाकिटं मी लिहिते."

"देतो की ताई, त्यात काय," तो म्हणाला.

आठवड्यानं त्यानं लेबलं आणून दिली. दोनशेच्या आसपास पत्ते, रोमन लिपीत, फोन नंबरांच्या यादीसकट. मी काय म्हटलं? "वा!" कुठून आणलीस, हे विचारलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी पोस्टासाठी लेबल चिकटवलं आणि वर कुंचल्याच्या पेनानं प्रत्येकाचं आडनाव घातलं. 'श्री. व सौ. अमुककर यांस, सप्रेम निमंत्रण.' यादीत आडनावापुढे नुसतं इंग्रजी आद्याक्षर होतं. बाई की बुवा, एकटा की दुकटा, काही कळत नव्हतं. पण आपल्याकडे पाकीट म्हणजे श्री. व सौ.च. आत तिळगुळाची पुडी घातली, गोड बोला म्हणून.

यादीची एक प्रत मंडळाचे कार्यवाह देवस्थळीकाका यांना दिली, प्रवेशापाशी नावांवर खुणा करायला.

समारंभ रविवारी होता. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी मोरिता-साननी मला बोलावलं. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुराव्यासारखं, एक पाकीट. आमची कंपनी एका मोबाइल कंपनीची ग्राहकांची यादी सांभाळायची. त्या कंपनीकडे एका बाईची तक्रार आली होती. मोरिता-सान म्हणाले, "आपल्या विभागात ही लिपी वाचणारं दुसरं कुणी नाही. मेधा-सान, यावर काय लिहिलंय?"

माझंच अक्षर. 'श्री. व सौ.' मधला स मी जरा झोकात काढते, तो तसाच झोकात बसलेला.

मी वाचून दाखवलं. समारंभाचं आमंत्रण आहे, म्हटलं. मग तक्रारीचं पत्र वाचलं. स्वच्छ जपानीत होतं. त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही, एवढं तरी आता शिकले आहे. ती सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करत होती. टोकियोतलं घर आणि नवरा सोडून वर्षभरापूर्वी तिकडे गेली होती. का सोडलं ते एकाच ओळीत होतं: 'हाताचं हाड जुळायला दोन महिने लागले.' नवा पत्ता तिनं माहेरीसुद्धा दिला नव्हता, कारण माहेर जिव्हाळ्यानं सांगून टाकील. फोन घेताना मात्र पत्ता द्यावाच लागतो, म्हणून तेवढा त्या कंपनीला दिला. आणि आता त्या पत्त्यावर दोघांच्या नावानं आमंत्रण आलं. तिचा एकच प्रश्न होता: माझा पत्ता त्याला कळला आहे का?

तो नवरा मला माहीत होता. ओजिमातच राहायचा, मंडळाचा जुना सभासद. त्याच आडनावाचं दुसरं पाकीट मीच लिहिलं होतं. एवढ्या 'कर'मंडळींत दोन सारखी आडनावं कुणाच्या लक्षात येणार?

दुपारपर्यंत श्रीरंग सापडला. सापडायला तो लपलाच नव्हता. त्यानं ग्राहकांच्या यादीतून, आडनावाच्या शेवटी 'कर' असलेले सगळे, एका ओळीची आज्ञा देऊन काढले होते. त्यात एक तुर्की सद्‌गृहस्थही आले होते. पत्ता फोनच्या बिलावर असतो तसाच छापलेला पाहून त्यांनी आमंत्रणाबद्दल मोबाइल कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं होतं.

दोन वाजता बैठक बसली. मोरिता-सान, इल्दिको-सान, श्रीरंग, आणि दुभाषी म्हणून मी. फोनवर कंपनीचे वकील. वकिलांनी सांगितलं ते ऐकून मला एरवी हसू आलं असतं. पोलिसांत जायचं तर माहिती चोरली म्हणून जाता येत नाही, कारण माहिती ही वस्तू नाही. ती नेली तरी मूळ जागी राहतेच. पण ती कंपनीच्या कागदावर छापली असेल, तर कागद चोरला असं म्हणता येईल. मोरिता-साननी खरोखर माणूस पाठवून कपाटातली लेबलं मोजून घेतली. नऊ कागद कमी भरले.

"आमच्याकडे माहितीचा गैरवापर हाच फौजदारी गुन्हा आहे," इल्दिको-सान म्हणाल्या. "कागद कुणी मोजत नाही."

मग मोरिता-साननी विचारलं, "यात आणखी कोण होतं? यादीच्या आणखी प्रती कुठे आहेत?"

मी इंग्रजीत प्रश्न केला. श्रीरंग एकदम मराठीत बोलला, माझ्याकडे न बघता. "मेधाताई, तुमचं नाव मी घेणार नाही. माझं व्हायचं ते होईल, तुम्ही मध्ये येऊ नका."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी जपानीत सांगितलं, "तो म्हणतो, कुणी नाही. प्रत नाही."

घड्याळात सव्वादोन झाले होते. हे मला नक्की आठवतं, कारण पुढे बरीच वर्षं मी ती वेळ मोजत आले.

इथे माणसाला काढणं कायद्यानं अवघड, म्हणून काढत नाहीत, जायला लावतात. राजीनाम्याचं ठरलेलं एक वाक्य आहे: 'वैयक्तिक कारणास्तव.' मोरिता-साननी तो कागद पुढे सरकवला. नोकरी गेली की व्हिसा डळमळला. अनुजाला सातव्या महिन्यात विमानात कोण घेणार? श्रीरंगनं खिशातून पेन काढलं.

"थांबा," इल्दिको-सान म्हणाल्या. "कारण वैयक्तिक आहे का? नाही. मग हा कागद खोटा आहे. खोट्या कागदानं तुम्ही काय झाकताय, मोरिता-सान?"

मोरिता-साननी हवा ओढली. इतकी लांब मी कधी ऐकली नव्हती. निर्णय सोमवारवर गेला.

चहाच्या खोलीत इल्दिको-सान माझ्यामागून आल्या. कप धुता धुता म्हणाल्या, "त्याचं वाक्य लांब होतं. तुमचं भाषांतर आखूड होतं. आणि त्याच्या वाक्यात तुमचं नाव होतं."

मी नळ सोडून माझा कप धुवायला घेतला.

"आमच्याकडची कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा वडिलांना गुप्त पोलिसांनी ठेवलेली त्यांची फाइल बघायला मिळाली," त्या म्हणाल्या. "कुणाला भेटले, कोणतं पुस्तक आणलं, सगळं. बातम्या देणारा शेजारीच होता. नाव झाकलं होतं, पण वडिलांनी अक्षर ओळखलं. फार सुंदर अक्षर होतं, म्हणायचे. आमच्या नाताळच्या कार्डांवर तेच असायचं."

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सहज सांगितलं आणि कप पुसून ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. मी जागेवर जाऊन बसले. समोरच्या कागदावर काय होतं ते दोन तास दिसलं नाही. मी स्वतःला सांगत होते, आज रात्री काकांकडून प्रत आणू, फाडू, झाकली मूठ सव्वा लाखाची. श्रीरंगचं नंतर बघू. कायदा शिकलेल्या बाईला असल्या युक्त्या फार चटकन सुचतात.

साडेपाचला कावासाकी स्टेशनच्या फलाटावरून मी काकांना फोन केला.

"यादी ना?" देवस्थळीकाका खुशीत होते. "अहो, मी तर बुधवारीच सगळ्यांना मेल केली! म्हटलं, आपापलं नाव, पत्ता, फोन तपासून घ्या, चूक असेल तर कळवा. आपलं काम चोख असतं हो!"

"सगळ्यांना, काका?"

"सगळ्यांना म्हणजे ज्यांचा मेल माझ्याकडे आहे त्या सगळ्यांना! जुन्या सभासदांनासुद्धा."

माझी गाडी आली आणि गेली. आता फाडायला काही उरलंच नव्हतं. त्या बाईला सावध करायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता. तिचा नंबर माझ्या घरी टेबलावर हळदीकुंकवाच्या पिशवीत होता, पण तो लावायचा तर मी कोण म्हणून सांगणार होते? तिला कळवू शकत होती ती फक्त मोबाइल कंपनी, आणि त्या कंपनीला कळवायचं तर आधी आमच्या ऑफिसात खरं सांगायला हवं. मी उलटी फिरले. माणसं घराकडे निघाली होती आणि मी त्या लोंढ्यात उलटी घुसत, सगळ्यांना सुमिमासेन, सुमिमासेन, माफ करा, माफ करा, म्हणत चालले होते.

मोरिता-सान जागेवर होते, इल्दिको-सानही. मी टेबलावरची ती पाकिटाची प्लॅस्टिकची पिशवी उचलली आणि म्हटलं, "हे अक्षर माझं आहे. यादी मी मागितली. दुपारी मी खोटं भाषांतर केलं. आणि ती यादी तिच्या नवऱ्याकडे परवाच पोचली आहे."

मोरिता-साननी हवा ओढली नाही. त्यांनी फोन उचलला.

वीस मिनिटांनी मोबाइल कंपनीचा उलट फोन आला. त्यांच्या माणसानं तिला गाठलं होतं. ती सेंदाई स्टेशनवर होती, एका सूटकेससह. म्हणाली, मला कळलंय. तिला नवऱ्याचा फोन दुपारी चार वाजता आला होता. आवाज न चढवता त्यानं एवढंच विचारलं होतं, "संक्रांतीला येतेस ना? आपल्या दोघांना आमंत्रण आहे."

सव्वादोन आणि चार. मधल्या पावणेदोन तासांत तिला कुणी सावध केलं असतं, तर तो आवाज तिला ऐकावा लागला नसता. निदान तेवढं तरी. शांतपणे सामान बांधता आलं असतं, प्रयोगशाळेत कुणाला सांगता आलं असतं. ती प्रयोग अर्धा टाकून निघाली होती. फोनही तिनं त्याच दिवशी बंद केला.

त्या रविवारी मी हॉलवर गेले, प्रत्येकाला मेल पुसून टाका म्हणून विनवत हिंडले. लोक हसले. "अहो, आपलीच तर माणसं आहेत सगळी!" एक बाई म्हणाल्या, "तुमचं ते ऑफिस ऑफिसात ठेवा बाई." सेंदाईच्या त्या बाईचा नवराही आला होता. नीट इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. माझ्यापुढे हात करून त्यानं तिळगूळ घेतला आणि म्हणाला, "पाकिटावरचं अक्षर तुमचं ना वहिनी? फार सुंदर आहे." माझ्या तोंडातून सवयीनं 'गोड बोला' निघालं. त्याची मला अजून किळस येते.

सोमवारी मी शिमात्सुशो दिलं. दोनशे लोकांना जे लिहायला शिकवलं, ते स्वतः लिहायला मला शुक्रवारपासूनच्या तिन्ही रात्री लागल्या. परिशिष्ट जोडलं नाही. इल्दिको-साननी इंग्रजी प्रत वाचून तीन बोटांवर मोजलं. "स्पष्ट. खरं. आणि परिणाम?"

परिणाम असा झाला की माझं प्रशिक्षणाचं काम गेलं आणि पुढची दोन वर्षं मी कचरा वेगळा करण्याचे तक्ते लिहिले, कागद कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी. अक्षराचा उपयोग झाला म्हणायचा. मंडळाची पाकिटं मी सोडली. देवस्थळीकाका आजतागायत म्हणतात, "मेधाताईंनी उगाच राईचा पर्वत केला." श्रीरंगला लेखी ताकीद मिळाली आणि पार्किंगच्या यंत्रांच्या कामावर टाकलं, जिथे फक्त गाड्यांचे नंबर असतात. राजीनाम्याचा कागद मोरिता-साननी आमच्यादेखत फाडणाऱ्या यंत्रात घातला. अनुजाला दुसरी मुलगी झाली, ओजिमाजवळच. बारशाचं आमंत्रण श्रीरंगनं दारात उभं राहून तोंडी दिलं. "पाकीट नाही ताई," म्हणाला, "तुम्हाला लिहायला लावीन अशी भीती वाटली." आणि दोघंही हसलो.

इल्दिको-सान परत जायच्या आधी मी त्यांना एकदा विचारलं, "तिची माफी मागायची आहे. पत्र लिहू का? सेंदाईचा पत्ता मला पाठ आहे. कुणीतरी पुढे पाठवील."

त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. उद्देश त्यांना कळला होता. त्यांनी दुसराच विचारला, माझाच, फळ्यावरचा. "तो पत्ता तुम्ही कुठून आणलात, मेधा-सान?"

मी ते पत्र लिहिलं नाही. माफीसाठीसुद्धा तो पत्ता वापरायचा मला अधिकार नव्हता. पत्ता अजून पाठ आहे, इमारत आणि खोलीच्या नंबरासकट. विसरायचा म्हटला तरी जात नाही, आणि ती तिथे राहत नाही.

निवृत्त झाल्यावर संपादकांनी लेख मागितला तेव्हा बऱ्याच गमती सांगायच्या ठरवल्या होत्या. दिवाळी अंक कुणाच्या ना कुणाच्या सामानातून जपानात पोचतात, एकाचा दहा घरी फिरतो, कुणी कुणाचा पत्ता विचारत नाही. कदाचित सेंदाई सोडून गेलेल्या तुमच्याही हाती हा येईल. तुम्ही कुठे आहात हे मला माहीत नाही, आणि ते कळू नये हेच बरं. सव्वादोन वाजता मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले. तुमचं काही ऐकून घेण्याआधी मी तुम्हाला 'श्री. व सौ.' लिहिलं. माझं चुकलं. हा मजकूर मी संपादकांना छापील अक्षरात पाठवते आहे, हातानं लिहिलेला नाही, म्हणजे वाचताना तुम्हाला ते अक्षर पुन्हा बघावं लागणार नाही.